मदत हवी आहे: शेततळी भरली की विहिरी आटतात. ग्रामसभेत नियम कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. आष्टी तालुक्यातल्या (जि. बीड) एका लहान गावातून लिहितोय. वस्ती 1,400, शिवार साधारण 900 हेक्टर. काही वर्षांपूर्वी गावाने डोंगरावर समतल चर खोदले, बंधाऱ्यांतला गाळ काढला. पाणी वाढलं, यात शंका नाही. पण वाढलेलं पाणी कुणाचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता तेच अंगाशी आलंय.

आज गावात 43 शेततळी आहेत, सगळ्यांना पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरलेला. शेततळं म्हणजे खरं तर वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायची जागा. आमच्याकडे मात्र दिवाळीनंतर विहिरीत आणि बोअरमध्ये मोटारी टाकून तळी भरतात, म्हणजे उन्हाळ्यात लिंबोणी आणि डाळिंब जगतं. ज्याला कागद परवडला त्याचं पाणी वर साठलं, बाकीच्यांच्या विहिरी डिसेंबरातच खाली गेल्या. गेल्या साली मार्चमध्ये टँकर लागला. तळी भरणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यात माझा चुलत भाऊही आहे. 2018 च्या दुष्काळात त्याची लिंबोणी डोळ्यांदेखत वाळली, तेव्हापासून त्याच्या मनातली धास्ती गेलेली नाही.

गेलं वर्षभर मी आमची विहीर मोजतोय. मोजपट्टीच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, शेवटच्या चार-पाच फुटांना खडू फासायचा आणि पट्टी आत सोडायची. खडू जिथपर्यंत भिजतो तिथं पाणी. विहीर 45 फूट. ऑक्टोबरात पाणी काठापासून 9 फुटांवर होतं, डिसेंबरात 21 वर, मार्चमध्ये तळ दिसला. शेजारच्या दोन मोटारी रात्रभर चालल्या, त्या सकाळी पट्टी 4 फूट जास्त सोडावी लागली. हे बघितल्यापासून ‘माझी विहीर’ हा शब्द तोंडात येत नाही. खाली सगळं एकच पाणी आहे.

थोडं गणितही मांडलं. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल तळ्यात उतार धरून 22 लाख लिटर पाणी मावतं. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. दिवसाला 5 मिलीमीटर वाफ धरली तरी रोज 4,500 लिटर हवेत जातं. उलट, अख्ख्या गावाला माणशी 55 लिटरने रोज 77,000 लिटर पाणी लागतं. म्हणजे 17-18 भरलेल्या तळ्यांतून जेवढं उडतं तेवढ्यात गावाचं पिणं भागतं. हा आकडा मला झोपू देत नाही.

त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे चांगलंच झालं, मीही त्यातलाच आहे. पण मोटार बंद करायला आता बिलाचंही कारण उरलेलं नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडायचाय. माझा हिशोब बरोबर आहे का? तळ्यांवर सरसकट बंदी मागितली तर गाव फुटेल, मग नियम काय ठेवावा? आणि कायद्याचा काही आधार मिळतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

भूजलकाका:
मोजणी छान केलीत. फक्त ती पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी करा आणि एका विहिरीवर थांबू नका. माथा, मध्य आणि ओढ्याकाठ मिळून निदान सात-आठ विहिरी घ्या. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमात राहतं, म्हणून साठा फार कमी असतो, खडकाच्या आकारमानाच्या ढोबळ 1 ते 3 टक्के. 2 टक्के धरले तर 900 हेक्टरांवर पातळी 1 मीटर उतरली म्हणजे 18 कोटी लिटर गेलं. ग्रामसभेत हा एक आकडा फळ्यावर लिहा, लोकांना लगेच कळतो.

कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर वा बोअर घेता येत नाही. ते आधी तपासा. पण गावातलं वाटप कायद्याच्या धाकाने होत नाही, ते गावानेच ठरवावं लागतं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी लावायची नाही असं ठरवलं, आणि तिथं पावसाचा हिशोब मांडून मग पिकं ठरतात.

माळरान:
मी पुरंदरचा. 1972 च्या दुष्काळानंतर नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशोबाने न देता माणशी अर्ध्या एकराचं, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. हे सगळं तुमच्याकडे बसणार नाही, कारण तिथं उपसा सामुदायिक होता.

पण तळ्यांसाठी एक नियम सुचवतो: ओढा वाहतोय तोवरच तळं भरायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरी काठोकाठ असतात, जमीन आणखी पाणी घेत नाही, ते ओढ्याने निघून जातं. तेव्हा उपसलेल्या पाण्याची जागा पुढचा पाऊस भरून काढतो. दिवाळीनंतर उपसलेलं मात्र शेजाऱ्याच्या रब्बीतून जातं. तळं तेच, बाग तीच, फक्त महिना बदलायचा. बागवाल्यांनाही हे मान्य होण्यासारखं आहे.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. महिना बदलायची गोष्ट मला सुचलीच नव्हती. रात्रीच चुलत भावाकडे जाऊन बोललो. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “दादा, ओढा वाहायचा थांबला हे ठरवणार कोण?” प्रश्न रास्त आहे. शाळेजवळच्या फरशी पुलाच्या खांबावर रंगाने खूण करावी, पाणी खुणेखाली गेलं की तळ्यांच्या मोटारी बंद, असं आमचं दोघांचं ठरतंय. खूण त्यानेच रंगवावी असं मी म्हटलं आणि तो तयार झाला.

आता अडचण एवढीच: ज्या वर्षी पाऊस कमी आणि ओढा वाहिलाच नाही, त्या वर्षी बाग जगवायला किती पाणी द्यायचं? झाडामागे लिटर ठरवून कुणी दिलंय का? अशा ठरावाची प्रत कुणाकडे असेल तर 2 ऑक्टोबरच्या आत इथे टाका.