डिकीत पाणी साचतंय, शिरतं कुठून ते कसं शोधायचं?

घाटवाट (प्रश्न)
सेडान, आठ वर्षं जुनी, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. रात्रभर पाऊस झाला की सकाळी स्टेपनीच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी असतं. गाडी उघड्यावर, चढाला तोंड करून उभी असते. वरचं कार्पेट कोरडं, पण डाव्या ट्रिमखालचा (आतल्या अस्तराखालचा) नमदा पिळला तर पाणी निघतं. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली तरी त्यात भर पडत नाही. गॅरेजवाले डिकीचं पूर्ण रबर बदला म्हणतात, पण रबर बघायला ठीक वाटतं. त्याआधी काय तपासू?

पानापक्कड
रबरावर आत्ताच पैसे घालू नका. उभ्या गाडीत पाणी येतंय आणि रस्त्यावरच्या पाण्याने वाढत नाही, म्हणजे ते वरून शिरतंय, तळाच्या भोकांतून नाही. नमदा एकाच बाजूला ओला, म्हणून पहिला संशय डाव्या टेल लॅम्पवर. तोंड चढाला असलं की छतावरचं बरंचसं पाणी मागच्या काचेवरून डिकीच्या पन्हळीत येतं आणि टेल लॅम्पच्या डोक्यावरून खाली उतरतं.

स्टेपनी, कार्पेट, दोन्ही बाजूंची ट्रिम काढा आणि आतला पत्रा पूर्ण कोरडा पुसा. सांध्यांवर आणि दिव्यांच्या खाली टाल्कम पावडर भुरभुरवा, ओघळ लगेच उमटतो. फोनचा टॉर्च चालू करून व्हिडिओ लावा, फोन आत ठेवून डिकी बंद करा. माणसाला आत कोंडू नका.

बाहेरून साधा पाइप, हलकी धार, आणि नेहमी खालून वर. आधी बंपरची कड, मग दिव्याचा खालचा भाग, मग वरचा, मग झाकणाची फट, शेवटी काच आणि छतावरचा अँटेना. एकेका जागी निदान ५ मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर ओघळणारं पाणी सगळीकडे पोचतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंपही नको, त्या जोराने चांगल्या रबराखालूनही पाणी जातं.

रबराची शंका उरलीच तर त्यावर खडू घासा, डिकी बंद करून उघडा. समोरच्या पत्र्यावर सलग रेघ उठायला हवी. मध्येच तुटली तर तिथे रबर दबत नाही. बऱ्याचदा खालची पत्र्याची कड वाकलेली असते, मग नवं रबर घालूनही गळती तशीच राहते.

घाटवाट
डाव्या दिव्याच्या वरच्या भागावर धार धरली तेव्हा आतल्या वरच्या नटापासून ओघळ आला. शिवाय चार बोटं वर, पन्हळीतल्या सांध्याच्या सीलंटला केसाएवढी चीर आहे, तिथूनही थेंब येतोय. दोन्हीकडे सिलिकॉन भरू का?

पत्रेकाम
बाथरूमचं सिलिकॉन अजिबात नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्याने उघडा पत्रा गंजतो. त्यावर पुढे रंगही धरत नाही.

आधी दिवा. नट काढून दिवा सरळ मागे ओढा, प्लग सोडवा. फोमचं गॅस्केट बोटाने दाबून बघा, परत फुगलं नाही तर ते संपलं. नवं वेगळं मिळालं तर तेच लावा. नाही मिळालं तर जुनं खरवडून काढा, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्याच खाचेत ब्युटाइल टेपचा (चिकट, मऊ रबरी पट्टीचा) सलग फेरा द्या. टोकं सेंटिमीटरभर एकमेकांवर, आणि हा जोड दिव्याच्या खालच्या बाजूला यायला हवा. प्रत्येक स्टडभोवती (नट बसतो त्या दिव्याच्या आट्याच्या दांड्याभोवती) टेपचं वेगळं कडं. नट आधी हाताने टेकवा, मग पान्याने आळीपाळीने थोडे थोडे आवळा. जोर लावलात तर स्टड उपटतो किंवा दिव्याचं कवच तडकतं, आणि गळतीला नवी वाट मिळते.

सांध्यातलं सुटलेलं सीलंट पक्का भाग लागेपर्यंत काढा. चीर वरवर लिंपून भागत नाही. गंज घासून उघड्या पत्र्यावर प्रायमर, तो सुकल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलंट, म्हणजे पत्र्याच्या सांध्यात भरायचं सीलंट, बोटाने चिरेत दाबून. २४ तास पाणी लागू देऊ नका, मग टचअप रंग. हे काम बाहेरूनच करायचं. आतून बुजवलंत तर डिकी कोरडी दिसेल, पण पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये अडकेल आणि सांधा आतल्या आत सडेल.

इंधनवाट
सीएनजी आहे म्हणून एक महत्त्वाचं. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरच्या कव्हरपासून तळातून बाहेर जाणाऱ्या जाड नळ्या कधीही बुजवू नका. गॅस गळला तर तो त्यांच्यातूनच बाहेर जातो. सील करायची ती नळी आणि पत्रा यांमधली फट, ग्रोमेटभोवती (भोकात बसणाऱ्या रबरी कड्याभोवती). स्टँडचे बोल्टही स्वतः सैल करू नका. दर ३ वर्षांच्या हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या सिलिंडरच्या चाचणीला) सिलिंडर उतरतोच, तेव्हा त्याच केंद्रात बोल्टची भोकं आणि खालचा गंज बघून घ्या.

बंपरमागच्या हवेच्या झडपांनाही हाच नियम. कडेचं गॅस्केट बदला, पण झडपेवर सीलंट फासू नका. त्या बंद झाल्या तर दारं लावताना जोर लागतो आणि काचांवर जास्त वाफ धरते.

नंबरप्लेटजवळून रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर आत घेतली असेल तर तेही भोक तपासा, तिथे ग्रोमेट हमखास राहून जातं. वायर शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकतं.

पानापक्कड
खड्ड्यातलं रबरी बूच काढून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, साचलेल्या रस्त्यावर तिथूनच पाणी वर येईल. नमदा बाहेर काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, गाडीतच ठेवला तर खालून कुजतो. आणि ट्रिम लावायची घाई करू नका. सीलंट वाळल्यावर पावडर टाकून त्याच क्रमाने पुन्हा पाइप फिरवा, डाव्या दिव्यावर या वेळी १० मिनिटं. उजव्या दिव्याचं गॅस्केटही तितकंच जुनं आहे, ते त्याच दिवशी बदला.