मदत हवी आहे: आतडं अरुंद झालंय, टीबी की क्रोन्स?

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या दिरांना (वय ४६) जेवलं की पोटात मुरडा येतो, पोट टम्म फुगतं, गुडगुड लांबूनही ऐकू येते. उलटी झाली की मगच बरं वाटतं. वजनही उतरलंय.

सीटी स्कॅनमध्ये लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, उजवीकडे खाली, भिंत जाड होऊन वाट अरुंद झालेली दिसली. कोलोनोस्कोपीची दुर्बीण पुढे गेलीच नाही. बायोप्सीत कॅन्सर नाही, पण टीबी की क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) ते ठरेना. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, तरी पोटाचा टीबी असू शकतो म्हणे. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो भडकायचा, म्हणून आधी टीबीची औषधं सुरू करून बघू असं डॉक्टर म्हणतात.

कुणाच्या घरी असं झालंय का? औषधांनी वाट मोकळी झाली, की फुग्याने रुंद करावी लागली, की थेट ऑपरेशन? जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी पुन्हा बायोप्सी घेतली होती का?

एरंडेल, काढे कृपया सुचवू नका (सासूबाईंची यादी तयारच आहे!). अडथळा असताना रेचक द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे.