मदत हवी आहे: बेस गिटारच्या सरावासाठी स्वस्तातले हेडफोन कोणते? खर्ज ऐकूच येत नाही

पाचवी_तार (रात्री ८:५२)
मंडळी, घरी बेस वाजवायला हेडफोन सुचवा. बजेट कमी आहे. रात्री अॅम्प मोठा करता येत नाही म्हणून इयरफोन लावतोय, पण खर्ज गायब. डी आणि जी तारा टिंगटिंग येतात, खालच्या तारांवर बोट लागल्याचा आवाज येतो, स्वर नाही. आवाज पूर्ण चढवला तरी तेच. म्हणजे जास्त बास असलेलेच हेडफोन लागणार ना? फक्त नावं सांगा, उद्या मागवायचे आहेत. रविवारी बँडबरोबर बसायचंय आणि चार गाणी बाकी आहेत.

पाचवी_तार (रात्री ९:१०)
कोणीच नाही का? धागा वरती आणतोय.

मंद्रसप्तक (रात्री ९:१४)
कशातून वाजवताय ते लिहिलंच नाहीत. बेस थेट फोनला? अॅम्पला? इंटरफेसला (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी)? बेस चार तारांचा की पाच? अॅक्टिव्ह की पॅसिव्ह? यावर उत्तर पूर्ण बदलतं.

निळा_पिक (रात्री ९:१७)
सरळ जास्त बासवाले ब्लूटूथ हेडफोन घ्या. वायरीचा गुंता नाही, गाणी ऐकायलाही होतात.

मंद्रसप्तक (रात्री ९:२३)
@निळा_पिक, ऐकायला उत्तम, वाजवायला अजिबात नाही. साध्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) ब्लूटूथचा आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे सोळांश (मात्रेचा चौथा भाग) १२५ चा. तार छेडल्यावर स्वर दीड-दोन सोळांश मागून कानात पडणार. हात आपोआप लय ओढायला लागतो आणि ती सवय मोडायला महिने जातात. अॅपटीएक्स लो लेटन्सीसुद्धा ४० च्या आसपास, आणि ते दोन्ही टोकांना असावं लागतं. १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोटाखाली वाजल्यासारखं वाटतं. वायरच हवी.

पाचवी_तार (रात्री ९:२६)
अॅम्पच आहे, सरावाचा छोटा. त्याला हेडफोनचं भोक आहे. बेस पाच तारांचा. इयरफोन फोनबरोबर आलेलेच, आणि गाणी त्यावर एकदम मस्त ऐकू येतात, बास धरून. म्हणून तर कळत नाहीये. नावं सांगा ना.

सोल्डरगन (रात्री ९:३१)
थांबा, नावांच्या मागे लागू नका. त्याच इयरफोनवर गाण्यातला बास येतो आणि बेसचा येत नाही, तर दोष इयरफोनमध्ये नाही. दोन गोष्टी बघून सांगा:
इयरफोनच्या पिनवर काळे पट्टे किती, दोन की तीन?
अॅम्पचं भोक जाड पिनेचं की बारीक? जाड असेल तर मध्ये लावलेल्या अॅडॉप्टरवर पट्टे किती?

जवारी (रात्री ९:३४)
माझं मत, आधी तारा बदला. फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) लावा. राउंडवाउंडची (गोल तार गुंडाळलेल्या, नेहमीच्या तारांची) खरखर हेडफोनमध्ये नको तेवढी ऐकू येते आणि मूळ स्वर झाकला जातो. फ्लॅटवाउंडवर स्वर गोल येतो, फ्रेटही कमी झिजतात.

मंद्रसप्तक (रात्री ९:३७)
फ्लॅटवाउंड चांगल्याच, पण तारा कितीही जुन्या असल्या तरी खर्ज नाहीसा होत नाही. जुन्या तारेचा जातो तो वरचा खणखणीतपणा. इथे उलटं झालंय.

पाचवी_तार (रात्री ९:४१)
इयरफोनच्या पिनवर तीन पट्टे. अॅम्पचं भोक जाड. अॅडॉप्टर घरात पडलेला होता, त्यावर दोन. याने काय फरक पडतो? पिन बसते व्यवस्थित.

सोल्डरगन (रात्री ९:५०)
सगळा फरक यानेच पडतो. तीन पट्टे म्हणजे चार भागांची पिन: टोक डाव्या कानाचं, मग उजवा, मग अर्थ (अर्थिंग, म्हणजे दोन्ही कानांची समाईक परतीची वाट), सर्वांत मागे माइक. अॅम्पचं भोक आणि तो अॅडॉप्टर तीन भागांचे: डावा, उजवा, अर्थ. अॅडॉप्टरमधली अर्थची पत्ती मागच्या भागाला, म्हणजे माइकला टेकत असणार. अर्थ तुटला की दोन्ही कानांचे ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो. सरावाच्या बहुतेक अॅम्पमधून दोन्ही बाजूंना एकच मोनो आवाज येतो. सारख्यातून सारखं वजा केलं की जवळपास शून्य. माइकच्या वाटेने जे थोडं झिरपतं तेच तुम्हाला टिंगटिंग ऐकू येतंय. फोनला चार भागांचंच भोक असतं, म्हणून गाणी नीट वाजतात.

एका मिनिटाची परीक्षा: अॅम्पचा आवाज आधी एकदम खाली आणा, हे विसरू नका. मग इयरफोनच्या वायरीवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा आणि मोकळी ए तार वाजवा. त्या बटणाने माइक आणि अर्थ एकमेकांना जोडले जातात. बटण दाबल्यावर आवाज भरून आला आणि सोडल्यावर पुन्हा पातळ झाला, तर निदान पक्कं.

पाचवी_तार (रात्री ९:५८)
आला!! बटण दाबलं की पूर्ण आवाज येतोय. दोन्ही कानांत. चार दिवस डोकं फोडत होतो.
पण आता बी तार जोरात वाजवली की फर्रर्र असा फाटतो आवाज. ई वर पण थोडा. म्हणजे आता तरी हेडफोन घ्यायचेच ना?

मंद्रसप्तक (रात्री १०:०३)
इयरफोनला दोष देण्याआधी अॅक्टिव्ह-पॅसिव्हचं उत्तर द्या. बेसच्या मागे बॅटरीचं झाकण आहे का? बास-ट्रेबलची वेगळी बटणं?

पाचवी_तार (रात्री १०:०६)
बास, ट्रेबल वेगळे आहेत. मागे छोटं झाकण आहे, उघडलं नाही कधी. त्यात बॅटरी असते?

मंद्रसप्तक (रात्री १०:१५)
असते, ९ व्होल्टची चौकोनी. आणि बहुतेक अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाल्या बेसमध्ये केबलची पिन आत गेली की प्रीअॅम्प (सिग्नल वाढवणारं आतलं सर्किट) चालू होतो. अॅम्प बंद असला तरी केबल बेसमध्येच राहिली तर बॅटरी जळत राहते. वाजवून झालं की केबल बेसकडून काढायची.

बॅटरी उतरली की प्रीअॅम्पला वर-खाली जायला जागा उरत नाही. सर्वांत मोठी लहर खालच्या तारांची, त्यामुळे फाटणं आधी बी-ई वर आणि जोराच्या फटक्यावर दिसतं, जी तार शेवटपर्यंत स्वच्छ राहते. तुमचं लक्षण तेच आहे. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवी अल्कलाइन ९.५ च्या आसपास दाखवते, ७.५ च्या खाली असेल तर विचार न करता बदला. मीटर नसेल आणि बेसवर पॅसिव्ह स्विच असेल तर तो टाकून बघा. फाटणं थांबलं तर बॅटरीच. नवी घालूनही फाटत असेल तर अॅम्पचा गेन (आत येणारा सिग्नल वाढवायचं बटण) खाली आणा. अॅक्टिव्ह बेसचा सिग्नल तगडा असतो, अॅम्पला दोन इनपुट असतील तर कमी संवेदनशील असलेल्यात लावा.

खुला_कान (रात्री १०:२०)
आता हेडफोनबद्दल लिहितो. सेमी-ओपन (वाटी मागून अर्धवट उघडी) घ्या, बंद नकोत. बंद हेडफोनच्या वाटीत खर्ज कोंडतो, सगळा आवाज गढूळ होतो, तासाभरात कान तापतात. सॅमसन एसआर८५० किंवा सुपरलक्स एचडी ६८१, दोन्ही ३२ ओहमचे (अवरोध कमी), छोट्या अॅम्पवर सहज चालतात, स्वस्त गटातले. थोडे जास्त पैसे असतील तर एकेजी के२४० स्टुडिओ, ५५ ओहम, वायर सुटी करता येते.

मंद्रसप्तक (रात्री १०:२९)
@खुला_कान, गिटारला मान्य, पाच तारांच्या बेसला नाही. मोकळी ई ४१ हर्ट्झ, मोकळी बी ३१ हर्ट्झ. मागून उघड्या वाटीत इतक्या खालचा दाब टिकत नाही, खाली उतार लागतोच. मग माणूस आवाज चढवतो किंवा बासचं बटण पूर्ण फिरवतो आणि ड्रायव्हर फडफडतो. शिवाय रात्रीचा सराव आहे, घरातल्यांना तारांची टकटक ऐकू जाणार.

खुला_कान (रात्री १०:३६)
मूळ ३१ हर्ट्झ ऐकायलाच कशाला हवेत? बेसच्या बऱ्याच स्वरांत दुसरा अंश (मूळच्या दुप्पट कंपनाचा उपस्वर) मूळ स्वरापेक्षा ठळक असतो. ई चा ८२ वर. कान त्यावरूनच स्वर ओळखतो. सरावात ऐकायचं असतं ते डाव्या हाताचं दाबणं नीट आहे का, नको ती तार वाजते का, दोन बोटांचा फटका सारखा पडतोय का. ते सगळं ७०० हर्ट्झच्या वर. तिथे ओपन हेडफोन जास्त स्पष्ट.

मंद्रसप्तक (रात्री १०:४४)
हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच 'जास्त बास'वाले हेडफोन टाळायचे. ते ६० ते १५० हर्ट्झ फुगवतात, चुकीने हलकी वाजलेली तारही भरदार वाटते, आणि बँडमध्ये गेल्यावर हात उघडा पडतो. पण बी तार नीट थांबली की मागे गुणगुणत राहिली, हे कळायला खालचाही भाग लागतो. न फुगवलेला बंद हेडफोन, मोठ्या कुशनचा. पूर्ण कान झाकणारा.

धागाकर्त्याने घ्यायचे तर: ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स (४७ ओहम) किंवा एकेजी के७२ (३२ ओहम), दोन्हींची वायर न निघणारी पण सरळ आणि लांब. थोडं वर जाता आलं तर एटीएच-एम४०एक्स, ३५ ओहम, वायर सुटी होते. सराव करताना वायर पायाखाली येते, खुर्चीच्या चाकाखाली येते, तुटते ती पिनेजवळच. सुटी वायर असली की हेडफोन वाचतो. सेनहायझर एचडी २८० प्रो (६४ ओहम) बाहेरचा आवाज फार छान अडवतो, पण डोकं घट्ट धरतो. बायरडायनामिक डीटी ७७० प्रो बेसला सुरेख, पण बजेटच्या बाहेर जाईल, आणि घेतलात तरी ३२ किंवा ८० ओहमचा. २५० ओहमचा छोट्या अॅम्पवर पुटपुटतो.

चष्मेवाला (रात्री १०:४९)
बंद हेडफोन घेणाऱ्यांसाठी: चष्म्याच्या काडीने कुशन आणि कानशील यांच्यात फट पडते, आणि त्या फटीतून पहिल्यांदा खर्जच निसटतो. हेडफोन हाताने हलकेच दाबून बघा. दाबल्यावर बास वाढला तर फट आहे. पातळ काडीचा चष्मा किंवा मखमली कुशनऐवजी मऊ लेदरेटची कुशन, हा उपाय. कुशनची कातडी सोलायला लागली की तीही बदला, त्याच कारणाने.

बफर१२८ (रात्री १०:५३)
अॅम्पचा नाद सोडून इंटरफेस घ्या. एक इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला पुरे. त्यावरचं इन्स्ट बटण दाबायला विसरू नका, लाइन इनपुटला बेसचा पॅसिव्ह पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) मेल्यासारखा वाटतो. त्याला साधारण १ मेगाओहमचं इनपुट हवं. एएसआयओ ड्रायव्हर (लॅपटॉपवर बसवायचं सॉफ्टवेअर), ४८ किलोहर्ट्झ, बफर (एका फेरीत घ्यायचा आवाजाचा तुकडा) १२८ नमुने म्हणजे प्रत्येक फेरीला २.७ मिलिसेकंद. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण आली तर चार्जर काढून बघा.

सोल्डरगन (रात्री १०:५८)
त्यांच्याकडे चालणारा अॅम्प आहे आणि रविवार तोंडावर आहे. आत्ता ड्रायव्हर बसवायला कशाला लावता? अॅम्पपासून सुटकाच हवी असेल तर बेसमध्येच खोचायचे छोटे हेडफोन अॅम्प मिळतात, व्हॉक्स अॅमप्लगचा बेससाठीचा प्रकार किंवा फेंडर मस्टँग मायक्रो. पण आधी आहे ते नीट करा.

नवीन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण ही चूक महागात पडते: हेडफोन फक्त 'फोन्स' लिहिलेल्या भोकात. मोठ्या अॅम्पहेडच्या (स्पीकर वेगळा जोडायच्या अॅम्पच्या) मागे 'स्पीकर' लिहिलेलं तसंच जाड भोक असतं. त्यात हेडफोन लावला की ड्रायव्हर जळतो आणि कानाला इजा होते. आणि बेसच्या स्वतःच्या भोकात हेडफोन लावून काही होत नाही, पिकअपमध्ये हेडफोन हलवण्याइतकी ताकद नसते.

पाचवी_तार (रात्री ११:०७)
झाकण उघडलं. बॅटरी ६.९ दाखवते. भिंतीवरच्या घड्याळाजवळ एक नवी पडून होती, ती घातली. फाटणं बंद! बी तार स्वच्छ. थोडी खणखण जास्त वाटते पण.
आणि ते बटण कितीवेळ दाबून ठेवू? वाजवायला दोन हात लागतात.

सोल्डरगन (रात्री ११:१२)
चार भागांच्या बारीक पिनेचं तीन भागांत रूपांतर करणारी छोटी फाटा-केबल मिळते: एक टोक माइकचं, एक हेडफोनचं. त्यातलं हेडफोनचं टोक जाड अॅडॉप्टरमध्ये घाला. पण हेडफोन घेणारच असाल तर ती केबलही नको, स्टुडिओ हेडफोनच्या पिनेला दोनच पट्टे असतात. तोवर तात्पुरतं: बारीक पिन अॅडॉप्टरमधून केसभर बाहेर ओढा, अर्थची पत्ती पुढच्या कड्यावर टेकेल. हललं की तुटेल, पण आजची रात्र निघेल. ओढताना आवाज खाली.

खणखणीचं कारण: खऱ्या स्पीकरच्या पेटीतून ४-५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येत नाही. काही अॅम्प हेडफोनला तो गाळ न काढता कच्चा सिग्नल देतात. अॅम्पचा ट्रेबल निम्म्याच्या खाली, बेसचा ट्रेबल मधल्या खाचेत.

मंद्रसप्तक (रात्री ११:१८)
आणि आवाजाची पातळी. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हा कानाचा गुण आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली ते मोजून दाखवलं. त्यामुळे बेसवाला नकळत आवाज चढवत जातो. ८५ डेसिबलला रोज ८ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एकच तास. गाणं ऑक्स-इनमधून (अॅम्पला फोन जोडायचं भोक) लावा, आधी गाणं आरामात ऐकू येईल इतकं ठेवा, मग बेस त्याच्या जरा वर. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही चढत राहतात.

जवारी (रात्री ११:२१)
खणखण म्हणताय ना? फ्लॅटवाउंड.

पाचवी_तार (रात्री ११:३०)
पिन केसभर बाहेर ओढली, चालतंय. ट्रेबल कमी केला, आता खरंच अॅम्पसारखं वाटतंय. केबल बेसमधून काढून ठेवली. एम२०एक्स मागवतोय. अॅडॉप्टर त्याच्याबरोबर येतो का वेगळा घ्यावा?

सोल्डरगन (रात्री ११:३३)
बरोबर येतो. पिनेवर घट्ट बसतो का बघा, आणि पट्टे मोजा: दोन.