सोळा फ्लॅटांची बोअर आणि खालच्या वाडीची विहीर

कातळकर, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मी बिल्डर आहे, पण फार छोटा. बावीस वर्षांत सात इमारती, सगळ्या नाचणे-कुवारबाव पट्ट्यात. रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर जी वस्ती वाढत चाललीय, ती आमच्यासारख्यांच्याच हातून.

गेल्या महिन्यात शहरविकासात खासगी क्षेत्राची भूमिका या विषयावर एक व्याख्यान ऐकलं. शाश्वत, सर्वसमावेशक वगैरे. सगळा वेळ मोठ्या कंपन्यांबद्दल बोलणं झालं. जेवण उत्तम होतं. घरी येताना डोक्यात मात्र खालची वाडी.

सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, उतारावर मी 2022 साली सोळा फ्लॅट बांधले. सोळापैकी नऊ मालक मुंबईचे. दहा महिने कुलूप, आणि मे महिन्यात पोराबाळांसकट सगळे हजर. म्हणजे विहिरी तळाला जातात नेमक्या त्याच वेळी आमच्या बोअरचा पंप दिवसभर चालू. आमच्या खाली, दीडशे मीटरवर वाडीची विहीर आहे. पूर्वी ती पाऊस पडेपर्यंत पुरायची. गेली दोन वर्षं शिमगा झाला की हंडे रांगेत लागतात. यंदा वाडीतल्या एक आजी साइटवर येऊन म्हणाल्या, "बाबा, तुझ्या बिल्डिंगीत गाड्या धुतात." भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नियम माझ्या बाजूने आहेत. 500 चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय लागते, शोषखड्डा केलाय, नकाशात आहे. मोठ्या लेआउटमध्ये 20 टक्के लहान घरं ठेवण्याचा नियम 10 लाख लोकसंख्येच्या महापालिकांना. रत्नागिरी शहर 2011 च्या जनगणनेत 76 हजारांच्या आसपास. आपल्याला लागू नाही. मग माझी जबाबदारी कुठे संपते? आणि नेमकं काय करू? टँकर पाठवायचा विचार आहे, पण तो किती वर्षं पाठवणार?

शेडीमाती

टँकर नंतर. आधी सांगा, बोअरला केसिंग, म्हणजे भोकात उतरवलेला पाइप, किती फूट आहे?

विचारतो कारण आपल्याकडे वर जांभा, त्याखाली शेडी म्हणजे चिकण मातीचा थर, त्याखाली काळा दगड. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, शेडीवर अडतं आणि उताराला बाहेर येतं. वाडीची विहीर त्या वरच्या पाण्यावर. तुमची बोअर शेडी फोडून खाली गेलीय. केसिंग दगडापर्यंत नेलं नसेल तर वरचं पाणी बोअरच्या भोकातून खाली गळत राहणार. तुम्ही पंप लावा नाहीतर न लावा. कंत्राटदार पाइपाचे पैसे वाचवायला केसिंग अर्ध्यावर सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शोषखड्ड्याबद्दल फार आशा ठेवू नका. उतारावर मुरलेलं पाणी दिवाळीनंतर बरंचसं निघून जातं. आपल्याकडे जिरवण्यापेक्षा साठवणं कामाला येतं. गच्ची किती? 400 चौरस मीटर धरा. पाऊस 3000 मिलिमीटर, म्हणजे 12 लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी साडेनऊ लाख उरतात. सगळं साठवायची गरजच नाही. साठ माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोजचे दहा लिटर धरले तर एप्रिल-मेचे साठ दिवस 36 हजार लिटरमध्ये निघतात. तेवढीच टाकी वाडीसाठी वेगळी बांधा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडा, टाकी झाकलेली ठेवा, गच्चीवर कबुतरं बसू देऊ नका.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. राग धरू नका, पण तुम्ही लोक जबाबदारी विचारता ती ताबा दिल्यावर. 22 जुलै 2021 ला आमच्या दुकानात छताला पाणी लागलं. कारणं अनेक, ते मान्य. पण नदीकाठच्या सखल जागांत भराव घालणारे डंपर काही सरकारी नव्हते. तुम्ही निदान विचारताय, एवढंच.

दापोलीकर

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चातून, करून घ्या की. मोठी कंपनी पकडा.

कातळकर, रत्नागिरी

@दापोलीकर, 2 टक्क्यांचा तो नियम ज्यांचा नफा 5 कोटींच्या पुढे, किंवा उलाढाल, मालमत्ता तशी प्रचंड, त्यांना. आणि पाणी मी ओढायचं, टाकी दुसऱ्याने बांधायची, हे काही पटत नाही.

गजालीकार, कुडाळ

बिल्डरानू, तुमी बरे आसात म्हणान सांगतंय. टाकी बांधशात, नळ देशात. मगे सोसायटी झाली काय सेक्रेटरी म्हणतलो, आमचा पाणी, आमचा बिल. आमच्या वाडीत ह्याच झाला. तोंडी शब्द नको, कागद करा.

कोर्टाची पायरी

गजालीकारांचं बरोबर आहे. कॉन्व्हेयन्स, म्हणजे जागा-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर आत्ताच वेळ आहे. वाडीचा पाणी भरण्याचा आणि टाकीपर्यंत येण्याच्या वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्तात घाला. टाकी सामायिक जागेत येणार, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागेल. सोळापैकी अकरा सह्या. वाट विसरू नका. नळ दिला आणि गेटवर वॉचमन बसवला, असं पाहिलंय.

आणि एक अडचणीचा प्रश्न. ती विहीर ग्रामपंचायतीची आहे का? सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत बोअर मारायला परवानगी लागते. 1993 च्या भूजल कायद्यापासून हा नियम आहे. घेतली होती?

कातळकर, रत्नागिरी

नाही. बोअरवाल्याने विचारलं नाही, मीही नाही. वर "नियम माझ्या बाजूने" असं लिहिलं, ते मागे घेतो.

@शेडीमाती, जुनी बिलं काढली. केसिंग 20 फुटांचं. वाडीच्या विहिरीत काल दोरी सोडून पाहिलं, शेडी तीस-बत्तीस फुटांवर लागते. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. बोअर दगडापर्यंत सिमेंटने सील करून पुन्हा केसिंग घालता येतं का, येत असेल तर पावसाआधी की नंतर? सरपंचांना सोमवारी भेटतोय, परवानगीचं तिथेच सांगतो. सह्यांचं गणपतीत. तेव्हा नऊच्या नऊ मुंबईकर इथे असतात. त्यातले दोघे फोनवर आत्ताच म्हणाले, "वाडीला पाणी द्या, पण गेटमधून नको."

वाट मागच्या बाजूने काढतोय. चार फूट बांध फोडावा लागेल.