उत्तर : टरबूज आधी धुवायचं की कापल्यावर?

साल खायची नाही तर धुवायचं कशाला, असं वर विचारलंय. पण सुरी सालीतूनच आत जाते ना! वाळूतली, ट्रकमधली, आपल्या नागपूरच्या कळमना बाजारातली सगळी घाण सुरीच गरापर्यंत नेते. टरबुजात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे कापलेल्या फोडींवर जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून आख्खं फळ नळाखाली चोळून धुवा, कोरडं पुसा, मगच सुरी लावा. साबण नको.

कापताना दोन्ही टोकं उडवायची आणि फळ उभं ठेवायचं, म्हणजे ते ओट्यावर घरंगळत नाही. मग वरून खाली साल उतरवत जायची. थोडा पांढरा भाग राहिला तरी चालतो. उलट हिरवी साल सोलून तो पांढरा भाग बारीक चिरा आणि मोहरी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट घालून भाजी करा. दुधीपेक्षा मला हीच आवडते.

फोडी झाकणाच्या डब्यात लगेच फ्रीजमध्ये. एरवी बाहेर दोन तास चालतात, पण ३२ अंशांच्या वर एकच तास धरावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा जेवणानंतर उरलेली परात दुपारभर टेबलावर राहिली तर ती सरळ टाकून द्या. फ्रीजमधल्या फोडी तीन-चार दिवसांत संपवा. चाट मसाला मात्र खाताना टाका, आधी टाकला की सगळं पाणी सुटतं.