मदत हवी आहे: गोराईत घरचा पोहण्याचा तलाव, जादा पाणी सोडायचं कुठे?

नमस्कार मंडळी,

गोराईत आमचं जुनं बैठं घर आहे. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि पाण्यात चालण्याचा व्यायाम त्यांना चांगला मानवतो. पण त्यासाठी बोरिवलीला जायचं म्हणजे आधी खाडी ओलांडायला बोट, मग रिक्षा आणि येताना पुन्हा तेच. म्हणून मागच्या अंगणात छोटा तलाव बांधायला घेतलाय. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, खोली सगळीकडे सारखी १.४ मीटर. खड्डा खणून झालाय, पुढच्या आठवड्यात सळई बांधायला घेणार. एकदा काँक्रीट पडलं की पाइपांची जागा बदलता येणार नाही, म्हणून आत्ताच विचारते आहे.

कंत्राटदाराने जादा पाण्यासाठी दीड इंचाचा एकच पाइप धरलाय. तो थेट गल्लीतल्या गटारात जोडायचा म्हणतो. "पाणी वर आलं की आपोआप जाईल, ताई." मला हे पटत नाही, कारण गेल्या पावसाळ्यात त्याच गटाराने आमच्याकडे उलटा प्रवास केला. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली. आईने मोरीच्या जाळीवर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा ठेवला, तरी कडेने बुडबुडे काढत काळं पाणी घरात येतच राहिलं. समुद्राची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर असेल तर पाणी जाणार तरी कुठे? तलावाचा पाइप त्याच गटाराला जोडला तर तेच काळं पाणी बाबांच्या तलावात येईल.

मी घरी बसून थोडा हिशेब केला. ३२ चौरस मीटरच्या तलावात १ मिमी पाऊस म्हणजे ३२ लिटर पाणी. तासाला १०० मिमीची सर आली तर मिनिटाला ५३ लिटर. दीड इंची पाइपाला शंभराला एक उतार दिला आणि तो पूर्ण भरून वाहिला, तरी मिनिटाला तीसेक लिटरच नेईल. भोवतालच्या ४० चौरस मीटर फरशीचा उतार चुकून तलावाकडे गेला तर आकडा १२० लिटरवर जातो. तासाला १०० मिमी फार धरले असं कंत्राटदार म्हणतो. पण मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमीच्या हिशेबाची होती आणि ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या पर्जन्यजल निचरा प्रकल्पात ती ५० मिमीवर न्यायचं ठरलं. त्यापेक्षा मोठ्या सरी आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. एवढा पाऊस आमच्या तलावावर पडला तर ३० हजार लिटर होतात.

दुसरी काळजी खड्ड्याची. तळाशी पाणी साचलंय. मी एक बांबू रोवून त्यावर चुन्याने खुणा केल्या. गेले चार दिवस पाहते आहे, पाणी दिवसातून दोनदा बोटभर चढतं आणि उतरतं. पाऊस नाही, म्हणजे ही भरतीच असणार ना? आत्ताच ही गत, तर श्रावणात काय होईल?

विचारायचंय ते असं: जादा पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर चालेल का? पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला की प्रश्न सुटतो का? आणि पाणी कमी झालं की आपोआप भरणारा बॉलकॉक लावावा का? आम्हाला टँकर घ्यावा लागतो, तलाव भरायला ४० हजार लिटर, त्यामुळे पाणी फुकट गेलेलं परवडणार नाही.

प्रतिसाद

ताई, बांबूची खूण सगळ्यात मोलाची आहे, ती पावसाळाभर चालू ठेवा. शोषखड्ड्याचा विचार सोडून द्या. जमिनीतच पाणी वर असेल तर तो शोषणार कुठे?

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाण अडवेल, पण तो बंद असेपर्यंत तुमचंही पाणी अडेल. त्यापेक्षा गेल्या वर्षी गल्लीत पाणी कुठवर चढलं ती रेघ कंपाउंडच्या भिंतीवर शोधा. तलावाची कड आणि जादा पाण्याची तोंडं त्या रेघेच्या निदान फूटभर वर घ्या. पाइप ७५ मिमीचा आणि तोंडं दोन, कारण एकावर पिंपळाची पानं बसली की संपलं. हे पाणी आधी उघड्या चेंबरमध्ये पडू द्या, पाइपाचं टोक आणि चेंबरमधलं पाणी यांत मोकळी जागा ठेवा. तिथून पंप, आणि पंपाला इन्व्हर्टर, कारण जोराच्या पावसातच वीज जाते. फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला. फिल्टर धुतल्याचं क्लोरीनचं पाणी या चेंबरमध्ये आणू नका.

आता पाणी काढण्याचं. तलाव रिकामा केला की तो होडीसारखा असतो. तळासकट खोली १.६ मीटर आणि भूजल जमिनीखाली ६० सेंमीवर धरलं तर खालून सुमारे ३७ टनांचा उचल दाब येतो. २० सेंमी जाडीच्या तुमच्या टाकीचं वजनही साधारण तेवढंच भरेल. पाणी जमिनीपर्यंत चढलं तर दाब ५९ टन होतो, टाकी उचलली जाते आणि पाइप तुटतात. त्यामुळे पावसाळ्यात तलाव कधीही रिकामा करू नका. तळाखाली खडीचा थर आणि भोकांचा पाइप घालून कोपऱ्यात एक पाहणीची विहीर ठेवा. पाणी काढण्याआधी तिच्यात डोकावून बघा. जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या, कंत्राटदाराच्या अंदाजावर नको.

बॉलकॉक चालेल, पण पाणी स्किमरच्या (वरवरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाच्या मध्यावर आलं की बंद होईल असा लावा. जादा पाण्याचं तोंड त्याच्या ४-५ सेंमी वर. सहा माणसं उतरली तर पाणी सव्वा सेंमी चढतं, म्हणून हे अंतर लागतंच. भरण्याच्या लाइनवर मीटर बसवा, नाहीतर गळती असेल तर बॉलकॉक ती झाकून टाकेल. जून ते सप्टेंबर ती लाइन बंदच ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. कड वर घेतली तर बाबांना पायऱ्या चढाव्या लागतील या विचाराने आधी वाईट वाटलं. मग त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, कड दोन फूट उंच असेल तर बाकावर बसल्यासारखं बसून पाय आत टाकता येतील, खाली वाकण्यापेक्षा ते बरं. सळईचं काम थांबवलंय. भिंतीवरची रेघ आज सापडली, जमिनीपासून अकरा इंच आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर शनिवारी येतोय. खडीचा थर किती जाड ठेवायचा, हे कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर शनिवारच्या आत जरूर सांगा.