अर्धं भिंग झाकलं म्हणून चित्र अर्धं होत नाही
वर कुणीतरी लिहिलंय की भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमाही अर्धीच पडेल. नाही हो, पुस्तकातल्या त्या दोन-तीन किरणांच्या आकृत्यांमुळे हा घोळ होतो, मलाही दहावीत असंच वाटायचं. वस्तूच्या एकेका बिंदूतून निघालेला उजेड अख्ख्या भिंगावर पडतो आणि भिंगाचा प्रत्येक तुकडा तो परत एकाच बिंदूत आणून सोडतो, म्हणजे चित्र पूर्णच, फक्त अंधुक. दिवसा लाईट बंद करून बघा, १० सेमी नाभीय अंतराचं (म्हणजे लांबून आलेला उजेड १० सेमीवर एकवटणारं) भिंग खिडकीपासून ३ मीटरवर, समोरच्या भिंतीपासून साधारण १०.३ सेमीवर धरा, सव्वा मीटरची खिडकी गजांसकट, वाळत टाकलेल्या टॉवेलसकट उलटी, जेमतेम ४ सेमीची दिसते. आता भिंगावर बोट टेकवा. बोट चित्रात येतच नाही! आरशाचंही तेच, जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण आहे, तिच्या मुख्य आरशासमोर छोटा आरसा मध्येच उभा असतो, तरी फोटोत मधोमध काळा डाग नाही. फोकस हलला की मात्र ताऱ्याचा मेदूवडा होतो, ते मधलं भोक म्हणजे त्या छोट्या आरशाची सावली.